कलम बांधणारा हात आणि दाखल्यावरचे नाव : पुण्याच्या माळ्यांच्या शिक्षणाचा इतिहास

सरदार पेरू महाराष्ट्रात ठाऊक नाही असा माणूस विरळा. शाळेबाहेरच्या हातगाडीवर चार फाका करून, तिखटमीठ लावून मिळणारा बहुतेक वेळा तोच असतो. त्याचे मूळ नाव ‘लखनौ ४९’. पण त्याची निवड लखनौला झाली नाही, ती पुण्यात, गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात १९२७ साली झाली. उत्तरेकडच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून हे एक झाड वेगळे काढले गेले आणि त्याच्या कलमांनी पुढे देशभरच्या बागा भरल्या.

या निवडीचे श्रेय मुंबई सरकारचे उद्यानतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांच्याकडे जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र कोणतेही रोप आपल्या पायांनी निवडीपर्यंत चालत येत नाही. कोणीतरी त्याचे आळे खणतो, त्याला पाणी देतो, कोणत्या झाडाचा बहर कधी आला आणि कोणते फळ कीड न लागता पिकले हे रोज पाहतो. गणेशखिंडीच्या त्या माणसांची नावे पेरूच्या इतिहासात येत नाहीत.

बागेत काम करणारी ही माणसे शिकली कुठे, त्यांना कोणी शिकवले आणि त्यांच्या शिकण्याला दाखला कधी मिळाला? हा धागा त्याविषयी आहे.

सुरुवात शब्दापासून करावी लागते, कारण गोंधळही तिथूनच सुरू होतो. मराठीत ‘माळी’ ही जात आहे आणि ‘माळी’ ही नोकरीही आहे. फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी अशी पोटनावेच सांगतात की कोणत्या घराण्याने कोणते पीक सांभाळायचे हे एके काळी जन्माने ठरत होते. घर हीच शाळा, बाप हाच शिक्षक. परीक्षा म्हणाल तर फुले कोमेजण्याआधी देवळात किंवा वाड्यात पोहोचली की नाही, एवढीच.

पेशवाईतले पुणे बागांचे शहर होते आणि त्याच्या खुणा पत्त्यांत अजून शिल्लक आहेत. हिराबाग, सारसबाग, तुळशीबाग, बेलबाग, मोतीबाग, रमणबाग. यांतल्या कित्येक ठिकाणी आज बाग नावापुरतीच उरली आहे. पर्वतीच्या पायथ्याचे तळे आणि त्यातले सारसबागेचे बेट नानासाहेब पेशव्यांच्या काळातले. शनिवारवाड्यातले हजारी कारंजे सवाई माधवरावांसाठी बांधलेले. एवढ्या बागा म्हणजे एवढे पाटाचे पाणी, एवढे वाफे, आणि ते राखणारी तितकीच घराणी.

त्यांपैकी एका घराण्याचे नाव सर्वांना माहीत आहे. मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबारी फुले, हार आणि फुलांच्या सजावटी पुरवण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्या कामावर खूश होऊन सरकारने त्यांना ३५ एकर जमीन दिली. कामावरूनच लोक त्यांना ‘फुले’ म्हणू लागले. जोतीराव त्याच घरात १८२७ साली जन्मले. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

बागेतल्या प्राण्यांची राखण हेही असेच पिढीजात किंवा पाहून शिकायचे काम होते. सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीजवळ होता. गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० च्या नोव्हेंबरात तिथल्या गेंड्याचे चित्र काढले. सर चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलाच्या संग्रहामुळे ते टिकले आणि आज अमेरिकेत आहे. गेंडा पुण्याच्या हवेत जगवणे ही सोपी गोष्ट नव्हे. चित्रकाराचे नाव राहिले, वकिलाचे राहिले, पेशव्यांचे तर राहिलेच. गेंड्याला चारा घालणारा इथेही अनामिक.

या घरगुती शिक्षणाला कमी लेखण्याचे कारण नाही. गुलाबाचा डोळा भरणे हे वरवर पाहता चाकूचे दोन छेद. रानटी गुलाबाच्या खुंटावर ‘टी’ आकाराची चीर द्यायची, साल अलगद उचलायची, हव्या त्या जातीचा एक डोळा सालीसकट काढून आत सरकवायचा आणि डोळा तेवढा उघडा ठेवून घट्ट बांधायचे. पण साल सुटते केव्हा, खुंटात रस चढला आहे का, डोळा झोपलेला आहे की फुगू लागला आहे, हे बोटांनाच कळते. पुस्तकात ते लिहिता येते, पण वाचून ते बोटांत उतरत नाही.

आंब्याचे भेट कलम तर संयमाचीच परीक्षा. कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत नेऊन, गरज पडली तर मांडव घालून टेकवायचे. दोघांची साल तासून एकमेकांना बांधायची. मग जोड पक्का होईपर्यंत दोन-तीन महिने त्या कुंडीला पाणी घालत राहायचे. एक खाडा झाला की कलम गेले.

१८१८ ला पेशवाई गेली आणि पुणे लष्करी छावणीचे शहर झाले. नव्या राज्यकर्त्यांनाही बागा हव्या होत्या, पण वेगळ्या कारणांसाठी. आज एम्प्रेस गार्डन म्हणून ओळखली जाणारी ३९ एकरांची बाग आधी ‘सोल्जर्स गार्डन’ होती. छावणीतल्या गोऱ्या शिपायांचा वेळ बरा जावा, करमणूक व्हावी, हा तिचा हेतू. सार्वजनिक करमणुकीसाठी बाग, आणि तिच्यासाठी पगारी नोकर, ही कल्पना पुण्यात अशी छावणीतून आली. पुढे ही बाग ज्या संस्थेकडे गेली ती पश्चिम भारताची ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी’ १८३० मध्ये स्थापन झालेली. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणारे तिचे पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या अजूनही अंगवळणी आहे.

१८७३ मध्ये गणेशखिंडीत सरकारी वनस्पती उद्यान उभे राहिले. शेजारीच गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होते, म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. या उद्यानाचा अधीक्षक होता जॉर्ज मार्शल वुड्रो. तो लंडनजवळच्या क्यू उद्यानात बागकाम शिकलेला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात तो वनस्पतिशास्त्रही शिकवत असे.

क्यूची शिक्षणपद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण निम्म्या जगाच्या सरकारी बागा तिथून निघालेल्या माणसांनी चालवल्या. तिथे येणारा तरुण आधी कुठल्यातरी खासगी बागेत उमेदवारी करून हात बसवून आलेला असे. क्यूमध्ये दिवसभर काचगृहात नाही तर वाफ्यावर काम, आणि संध्याकाळी व्याख्याने. १८७१ पासून तर तिथल्या तरुण माळ्यांनी स्वतःची एक मंडळी काढून एकमेकांपुढे निबंध वाचायला सुरुवात केली. म्हणजे क्यूचा पदवीधर हा प्रथम माळीच होता. मातीत हात घातलेल्या माणसाला शास्त्र शिकवायचे, अशी ती वाट होती.

ही वाट पुण्यापर्यंत आली ती अर्धीच. अधीक्षक आला, त्याच्या हाताखालच्या माळ्यासाठी मात्र संध्याकाळचे व्याख्यान आले नाही. वुड्रोने ‘गार्डनिंग इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले, त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि पुस्तक खरोखर उपयुक्त आहे. त्याआधी बंगालमध्ये फर्मिंजरचे बागकामाचे पुस्तक गाजले होते. पण या पुस्तकांचा वाचक कोण? बंगल्याचा साहेब आणि मडमसाहेब. माळ्याकडून काम कसे करून घ्यावे हे त्यांनी शिकावे म्हणून ती इंग्रजीत लिहिलेली होती. ज्याच्या हातात खुरपे होते त्याला ती भाषा येत नव्हती, आणि ज्याला भाषा येत होती तो खुरप्याला हात लावत नव्हता. पुढच्या शंभर वर्षांतल्या अडचणीचे मूळ इथे आहे.

ही अडचण त्याच काळात, त्याच शहरात एका माणसाने नेमकी ओळखली होती. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजवण्याच्या खर्चाला त्यांनी विरोध केला आणि तो पैसा शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. हे नेहमी सांगितले जाते. फुलांच्या सजावटीवर ज्या घराण्याचे नाव पडले त्या घराण्यातला माणूस हे बोलत होता, हे सहसा सांगितले जात नाही. ते स्वतः मांजरीला कालव्याच्या पाण्यावर बागायती करत. भाजी आणि फुले यांचा व्यापार त्यांना आतून माहीत होता.

‘शेतकऱ्याचा असूड’ हा त्यांचा ग्रंथ १८८३ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या शेवटच्या भागात सरकारला केलेल्या सूचना आहेत. त्यांतली एक सूचना अशी : दरवर्षी श्रावणात प्रदर्शने भरवावीत. आश्विनात उभ्या पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घ्यावी. उत्तम ठरतील त्यांना बक्षिसे द्यावीत. तीन वर्षांच्या कामगिरीचा अंदाज घेऊन पदव्या द्याव्यात. आणि शेतकऱ्यांची जी शिकलेली मुले आपली शेते उत्तम करून अशी बक्षिसे मिळवतील, त्यांना सरकारी खर्चाने विलायतेतल्या शेतकीच्या शाळा पाहायला पाठवावे.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी शेत, मग शेतावरची परीक्षा, मग पदवी, आणि शेवटी विलायत. परीक्षक वहीकडे बघत नाही, तो पिकाकडे बघतो. सरकारचा क्रम याच्या बरोबर उलटा होता. फुल्यांची सूचना शेतकऱ्यांसाठी होती, सार्वजनिक बागांतल्या नोकरांसाठी नव्हे. पण हाताच्या विद्येला पदवी देता येते, आणि ती कशी द्यायची, हे इतक्या स्पष्ट शब्दांत त्या काळात दुसऱ्या कोणी सांगितल्याचे सहज आढळत नाही.

पुण्यात सायन्स कॉलेजमध्ये शेतकीचे वर्ग १८७९ पासून होते. १९०७ मध्ये स्वतंत्र शेतकी महाविद्यालय निघाले. पहिले प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान. त्यांच्यानंतरच्या काळात डॉ. विल्यम बर्न्स यांनी एस. एच. प्रयाग यांच्यासह आंब्यावर मोठे काम केले, ते १९२१ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यानंतर चीमा आले, पेरू आला, द्राक्षे आली. ‘चीमा साहेबी’ या द्राक्षाला त्यांचेच नाव आहे. या सर्वांनी महाराष्ट्राच्या ताटात भर घातली यात शंका नाही.

पण महाविद्यालयाची पदवी घेतलेला तरुण बाहेर पडून काय झाला? निरीक्षक, अधिकारी, अधीक्षक. खात्याची रचनाच तशी होती. पदवी मिळाली की माणूस वाफ्यातून वर उचलला जाई, आणि वाफा पुन्हा न शिकलेल्या माणसाकडे राही. तो माणूस ‘न शिकलेला’ कागदावरच असे. पंचवीस वर्षे कलमे बांधून त्याला जे कळत होते ते कागदावर मांडण्याची सोय नव्हती.

शेजारी वेगळे काही घडले का? घडले, आणि त्याचा एक धागा मराठी राज्याशी जुळतो. गुस्ताव क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला १८९३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत आणले गेले. तोही क्यूमध्ये काम केलेला. पुढे तो म्हैसूर संस्थानात गेला आणि १९०८ पासून बंगळूरच्या लालबागेचा कारभार त्याच्याकडे आला. त्याच्यानंतर १९३२ मध्ये एच. सी. जवराया हे लालबागेचे प्रमुख झाले. लालबागेत बागकामाच्या प्रशिक्षणाची परंपरा रुजली आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी महिनोन्‌महिने चालणारा वर्ग तिथे अलीकडेपर्यंत चालत आला आहे. झाडे, काचगृह आणि वर्ग एकाच कुंपणात असण्याचा हा फायदा. पुण्यात गणेशखिंडीची बाग फळसंशोधनाकडे वळली, एम्प्रेस गार्डन सोसायटीकडे राहिली, महाविद्यालय शिवाजीनगरला गेले, आणि शहराच्या बागा नगरपालिकेकडे. चार कुंपणे झाली.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका स्थापन झाली. तीनच वर्षांत, १९५३ मध्ये, पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे पार्क उभे राहिले. तिथे प्राणिसंग्रहालय आले. ८ एप्रिल १९५६ ला ‘फुलराणी’ ही छोटी रेल्वे सुरू झाली. पुण्यात वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांना पांढरा वाघ आणि फुलराणीची रांग एका दमात आठवते.

इथे बागेच्या नोकराचे कामच बदलले. पूर्वी बाग एका मालकाची असे, आता रविवारी हजारो माणसे येणार. हिरवळीवर डबे सोडून बसणारी कुटुंबे, पिंजऱ्यात शेंगदाणे टाकणारी पोरे, हरवलेली मुले, झोपाळ्याची निखळलेली कडी, रेल्वेचे रूळ. खुरपे आणि कात्री यांच्या जोडीला गर्दी, सुरक्षा, प्राणी आणि यंत्रे आली. जगात याच कामाला पुढे ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ असे एकच नाव पडले आणि त्याचे अभ्यासक्रम निघाले. आपल्याकडे ही सगळी कामे जुन्याच पदनामांत कोंबली गेली. त्यांतले एक ‘बिगारी’. हा शब्द वेठबिगारीतून आला आहे हे कोणी मुद्दाम आठवून देत नाही, पण तो महापालिकेच्या कागदांवर अजून आहे.

याच शहरात करमणुकीच्या दुसऱ्या अंगाला मात्र शाळा मिळाली होती. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढले. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू केली. महाराष्ट्रीय मंडळाचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७ चे. मैदानावर मुलांना खेळवणारा मास्तर पदवीधर झाला. आखाड्यातल्या वस्तादाची विद्या अभ्यासक्रमात बसवता आली, ती कमअस्सल झाली अशी ओरड झाली तरी बसवता आली. माळ्याच्या विद्येला हे भाग्य तेव्हा लाभले नाही. मैदानी शिक्षणामागे राष्ट्र घडवण्याची भाषा होती आणि ती बोलणारे वर्ग शिकलेले होते. हिरवळ कापणे हे राष्ट्रकार्य आहे असे कोणी म्हणत नव्हते.

प्राण्यांच्या बाबतीत बदल कायद्याने घडवला. वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले. प्राणिसंग्रहालयांना मान्यता लागू लागली. जागा किती, पिंजरा कसा, डॉक्टर आहे का, हे तपासले जाऊ लागले आणि प्राणी सांभाळणाऱ्या सेवकांसाठी प्रशिक्षणवर्ग भरू लागले. पेशवे पार्कची जागा या कसोटीला पुरी पडणारी नव्हती. कात्रजला १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत पर्वतीखालचे पिंजरे रिकामे झाले. तांबटांच्या गेंड्यानंतर दोनशे वर्षांनी पुण्यात प्राण्याला चारा घालणाऱ्या माणसाला शिकवण्याची व्यवस्था झाली, आणि तीही प्राण्याच्या हक्कासाठी झाली, माणसाच्या नव्हे.

झाडांकडे वळले की प्रशिक्षणाचा प्रश्न गोंडस राहत नाही. पुण्यात पहिल्या वळवाबरोबर गुलमोहर कोसळतात. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा. दोघेही रस्त्याकडेला सावलीसाठी लावलेले आणि भराभर वाढणारे. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ. त्यात एका बाजूच्या फांद्या विजेच्या तारांसाठी उडवलेल्या आणि बुंध्याभोवती काँक्रीट, अशी स्थिती असली की वाऱ्याला फारसे काही करावे लागत नाही. खाली उभी रिक्षा असते, कधी माणूस असतो.

मोठी फांदी उतरवण्याची रीत तीन कापांची आहे. पहिला काप खालून, खोडापासून हातभर अंतरावर, अर्धवट. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. तिसऱ्या कापाने उरलेले थुटूक काढायचे, पण खोडाला लागून नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगवटा असतो, तो शाबूत ठेवायचा. जखम भरून काढणाऱ्या पेशी तिथेच असतात.

गंमत अशी की हा शेवटचा मुद्दा शिकलेल्यांनाच फार उशिरा कळला. खोडाला अगदी सपाट कापा आणि वर डांबर फासा, असे पुस्तके कित्येक दशके सांगत होती. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो ओंडके उभे चिरून पाहिले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की सपाट कापाने कूज आत शिरते आणि डांबराने ती थांबत नाही. म्हणजे प्रमाणपत्र हातात असलेला माणूस इतकी वर्षे चुकीचे शिकत आणि शिकवत होता. एकदाच दिलेले प्रशिक्षण पुरत नाही, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रासाठी झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याने वृक्ष प्राधिकरण दिले, वृक्ष अधिकारी दिला, झाडांची गणना सक्तीची केली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा मान दिला. कायद्याचा सारा भर तोडण्याच्या परवानगीवर आणि बदल्यात लावायच्या झाडांवर आहे. परवानगी मिळाल्यावर दोर बांधून वर चढणारा आणि करवत चालवणारा माणूस कोण, हा प्रश्न ठेक्याच्या अटींवर राहतो.

माळ्यांसाठी काहीच झाले नाही असे मात्र नाही. राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या छत्राखाली माळी प्रशिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आणि तो मराठीतून आहे. वुड्रोच्या इंग्रजी पुस्तकापासून इथपर्यंतचे अंतर मोठे आहे. रोपवाटिका, कलमे, हिरवळ, खते, कीडरोग, छाटणी असे सगळे त्यात येते. सरकारी आणि नगरपालिकांच्या भरतीच्या जाहिरातींत माळ्याच्या जागेसाठी असा दाखला मागितलेला दिसतो. त्यामुळे ‘माळी’ हा शब्द जातीपासून थोडा सुटला. कोणत्याही घरातला मुलगा किंवा मुलगी आता माळी होऊ शकते.

पण ज्या काळात दाखला आला, त्याच काळात कायमची नोकरी आटू लागली. पुणे महापालिकेच्या बागा आज दोनशेहून अधिक आहेत. त्यांतल्या अनेकांची देखभाल ठेकेदारांमार्फत होते. ठेकेदाराचा माणूस या वर्षी या बागेत असतो, पुढच्या वर्षी कदाचित बांधकामावर. गुलाबाची छाटणी पुण्यात पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात करतात. ती चांगली जमायला त्याच झाडांवर दोन-तीन ऑक्टोबर काढावे लागतात. वर्षाच्या ठेक्यात एकच ऑक्टोबर येतो.

२०१५ पासूनच्या केंद्राच्या कौशल्य योजनेत एक कलम आले, ज्याला ‘पूर्वज्ञानाला मान्यता’ म्हणता येईल. जो माणूस आधीपासून काम करतो आहे त्याला पुन्हा वर्गात न बसवता थोड्या दिवसांची उजळणी द्यायची, त्याचे काम तपासायचे आणि दाखला द्यायचा. ‘गार्डनर’ हे पद शेतीच्या कौशल्य परिषदेच्या यादीत आहे. कल्पना म्हणून ही फुल्यांच्या आश्विनातल्या परीक्षेची दूरची नात आहे. फरक एवढाच की फुले तीन वर्षांचे पीक पाहून पदवी द्या म्हणत होते.

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेले की या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. ही बाग पुणे आणि ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीतून, ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचलेली. मूळ कोराकुएन १७०० साली पुरे झाले. तेव्हापासून तीनशे वर्षे तिथली झाडे ठरावीक आकारात राखली गेली आहेत. अशा बागेत झाड वाढू देणे सोपे असते, पण त्याला वर्षानुवर्षे त्याच मापात ठेवणे फार कठीण. पुण्यात तर ते अधिकच अवघड, कारण इथला पाऊस आणि ऊन झाडांना जपानी शिस्तीत राहू देत नाही.

जपानमध्ये बागकामगारांसाठी सरकारी कौशल्य परीक्षा आहे, तिच्या तीन श्रेणी आहेत. लेखी प्रश्न असतातच. पण मुख्य भाग असा, की उमेदवाराला मोकळा चौकोन, बांबू, काळी सुतळी, दगड आणि रोपे दिली जातात. ठरलेल्या वेळात त्याने कुंपण बांधायचे, दगड बसवायचे, झाडे लावायची. परीक्षक गाठी ओढून पाहतात, दगड हलतो का ते पाहतात. वरच्या श्रेणीला बसण्यासाठी वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो दाखला घेऊन उस्ताद पुन्हा झाडावरच चढतो. तिथे पदवी मिळाली म्हणून कात्री खाली ठेवायची नसते.

गणेशखिंडीची जुनी बाग २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथली जुनी झाडे आता कायद्याने राखली जातील. उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर असताना, कलमांसाठी काड्या निवडायचे काम रोपवाटिकांत सुरू होते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत ठिकठिकाणी रोपवाटिकांच्या पाट्या लागतात. फुल्यांचे शेत याच पट्ट्यात होते. तिथे सावलीच्या जाळीखाली बसून दिवसाला शेकडो कलमे बांधणारी माणसे आहेत, त्यांत बायका पुष्कळ. रोपावरच्या चिठ्ठीवर जातीचे नाव असते आणि रोपवाटिकेचे असते.